'पॉटलिकर'ला मराठी शब्द हवा आहे

ओवी: अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांच्या स्वयंपाकावरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'सोल फूड'पाशी अडलेच, पण त्याहून जास्त अडले ते 'पॉटलिकर'पाशी. कॉलर्ड, शलगम, मोहरी यांचा पाला खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर मंद आचेवर बराच वेळ शिजवतात. पाला काढून घेतला की भांड्यात हिरवट, खारट, वर चरबीचा तवंग असलेलं पाणी उरतं, ते पॉटलिकर. मक्याच्या पावाबरोबर चवीने पितात. गुलामगिरीच्या काळात पाला मालकाच्या टेबलावर जायचा आणि पाणी रांधणाऱ्यांकडे राहायचं, असं सांगतात. पाल्यातला बराचसा कस त्या पाण्यातच उतरलेला असायचा. 'भाजीचं पाणी' म्हटलं तर ओतून द्यायची वस्तू वाटते आणि परिच्छेदाचा जीवच जातो. मी 'कढण' लिहिलं. संपादक म्हणतात, कढण कडधान्याचंच असतं. खरंच तसं आहे का?

तिरफळ: संपादकांचं बरोबर आहे. कढण मुगाचं, कुळथाचं, फार तर मसुराचं. पाल्याचं कढण मी कधी ऐकलं नाही. औषधी पाला उकळला तर तो काढा.

रानवाट: इतकं कडक कशाला? मूळ धातू 'क्वथ्'. त्यातूनच कढणे, काढा, कढी, कढण, कढई. जे कढवलं ते कढण. ओवी, बिनधास्त लिहा.

तिरफळ: कढई त्या कुळातली नाही, ती 'कटाह'वरून आली. आणि मूळ एक म्हणून अर्थ एक होत नाही. कढी आणि काढा एकाच घरातले, म्हणून आजाऱ्याला काढ्याऐवजी कढी द्याल का? आपल्याकडे पातळ पदार्थांची नावं फार बारकाईने ठेवली आहेत. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर, त्याने तर पाण्याच्या मापावर नावं बदलली: तांदळाच्या चौपट पाणी तर विलेपी, सहापट तर यवागू, चौदापट तर मंड. इतकी बारीक नजर असलेल्या भाषेत सगळ्याला एकच शब्द चालवायचा, हे मला पटत नाही.

माणकाठ: शब्द आहे की! येळवणी. आमच्याकडं पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी काढून घेतात, त्याला येळवणी म्हणतात आणि त्याच्या आमटीला येळवणीची आमटी. भात वेळायचा म्हणजे पाणी गाळून काढायचं, हे सगळ्यांना माहीत असेल. वेळलेलं पाणी ती वेळवणी, बोलताना येळवणी. माझ्या आजीच्या घरी पुरणपोळ्या पाव्हण्यांच्या पानात आधी जायच्या आणि चुलीपाशी बसलेल्या बाया येळवणीत भाकरी मोडून खायच्या. वर नुसता लसूण ठेचून टाकलेला असायचा. 'पाला मालकाला, पाणी रांधणाऱ्यांना' हे वाचलं आणि मला तेच दिसलं.

ओवी: माणकाठ, हे फारच जवळचं आहे. गाळून काढलेलं, पण मोलाचं पाणी. नेमकं हेच हवं होतं.

जुईली: जवळचं आहे, पण पुण्या-मुंबईच्या निम्म्या वाचकांना येळवणी कळायची नाही. त्यांना 'कट' कळेल. कटाची आमटी सगळ्यांच्या घरी होते.

पंचगंगा: आमच्या कोल्हापुरात कट म्हटलं की मिसळीवरचा लालभडक रस्सा. पॉटलिकरला कट म्हणाल तर वाचकाच्या तोंडाला आधी झणका येईल.

जुईली: मिसळीला तुम्ही कट म्हणता, ते तुमच्याकडचं. मूळ अर्थ डाळीचं पाणी हाच.

पंचगंगा: कुणाचं मूळ आणि कुणाचं 'तुमच्याकडचं', हे कोण ठरवणार? रोज हजारो माणसं ज्या अर्थाने मागवतात तो अर्थही तेवढाच खरा आहे.

रानवाट: मग नवा शब्द घडवा. '-वणी' म्हणजे पाणीच: गुळवणी, चिंचवणी, येळवणी. त्याच साच्यात भाजवणी. उच्चार सोपा, अर्थ पहिल्या वाचनात कळतो, कुठून उसना घ्यायला नको. मराठीच्या पोटातून आलेला शब्द आहे.

जुईली: 'भाजवणी' वाचून मला भाजलेल्या पदार्थाची आठवण झाली. भाजणी, भाजवणे. चकलीचं पीठ डोळ्यांसमोर आलं.

रानवाट: दोनदा वापरला की कान सरावतो. 'दूरदर्शन'ही पहिल्यांदा कानाला नवंच वाटलं असणार. आपणच आपल्या प्रत्ययांचा वापर थांबवला तर शंभर वर्षांनी मराठीत फक्त क्रियापदं उरतील आणि नामं सगळी बाहेरची.

तिरफळ: साचा उत्तम आहे, मला आवडला. पण माझा आक्षेप वेगळाच आहे. ज्या लोकांनी हा पदार्थ जगवला त्यांनी त्याला नाव दिलं आहे, ते नाव पुसायचं कशासाठी? 'पॉटलिकर' तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखात एका वाक्यात समजावून सांगा. त्या नावासाठी ते लोक भांडलेसुद्धा आहेत. 1982 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हा शब्द 'पॉट लिकर' असा तोडून, मद्यासाठीच्या नेहमीच्या स्पेलिंगने छापला, तेव्हा जॉर्जिया राज्याचे उपराज्यपाल झेल मिलर यांनी चिडून पत्र लिहिलं होतं की शब्द एक आहे, आणि बोलीतल्या स्पेलिंगनेच लिहायचा.

वाळवण: 'लिकर'वरून दारू डोक्यात येते, ही अडचण मात्र खरी आहे. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ नुसता द्रव. आणि गंमत बघा, आपल्या 'दारू'चंही तसंच झालं. फारसीत दारू म्हणजे औषध. 'दवादारू' या जोडीत तो अर्थ अजून तग धरून आहे.

पंचगंगा: बंदुकीची दारू विसरलात. औषध, स्फोटक, मद्य, तिन्हींना एकच शब्द.

ओवी: मंडळी, दारू बाजूला ठेवू. 'सोल फूड'चं काय करू? संपादकांनी 'आत्म्याचे अन्न' सुचवलं आहे. मला ते प्रवचनातलं वाटतं.

तिरफळ: चुकूनही नको. इथे 'सोल' म्हणजे देहाविरुद्धचा आत्मा नव्हे. 1960च्या दशकात कृष्णवर्णीय अमेरिकनांनी 'सोल' हा शब्द स्वतःच्या संगीताला, स्वतःच्या माणसांना लावला, त्याच ओघात तो जेवणालाही लागला. 'आपलं', 'आपल्या माणसांचं' हा त्यातला गाभा. आणि हे जेवण नुसतं दक्षिणेचं राहिलं नाही. 1910 ते 1970 या काळात लाखो लोक दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कला गेले आणि चवळी, भेंडी, मक्याचा पाव बरोबर घेऊन गेले. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सिल्व्हिया वुड्स यांनी 1962 मध्ये खाणावळ काढली ती याच जेवणाची. घर सुटलेल्या माणसांनी परक्या शहरात धरून ठेवलेली चव आहे ती. 'आत्मा' शब्दाने हा सगळा इतिहास उडून जातो.

जुईली: मग 'जिवाचं जेवण'? जिवाचा मैतर म्हणतो तसं.

माणकाठ: हे झकास आहे. जिवाचं म्हटलं की आपलेपण आलंच.

तिरफळ: लेखाचं शीर्षक म्हणून छान. मजकुरात 'सोल फूड'च ठेवा.

रानवाट: प्रत्येक वेळी 'तसंच ठेवा'! मग अनुवाद कशाला करायचा, लिप्यंतर करून द्या.

वाळवण: दोन गोष्टींची गल्लत होतेय. 'सोल फूड' हे एका समाजाच्या जेवणाचं नाव आहे, ते तसंच राहू द्यावं. पण 'कम्फर्ट फूड' कुणाचं नाव नाही, ती नुसती कल्पना आहे. तिला मराठी शब्द हवा, आणि पुरवण्यांत छापतात तो 'आरामदायी अन्न' नको. आरामदायी खुर्ची असते. 1966 साली फ्लोरिडातल्या 'पाम बीच पोस्ट' या वृत्तपत्रात 'कम्फर्ट फूड' हा शब्द आला तो लठ्ठपणावरच्या लेखात: मोठी माणसं मनावर ताण आला की लहानपणीच्या सुरक्षिततेशी जोडलेल्या खाण्याकडे वळतात, अशा अर्थाने. म्हणजे तेव्हा त्यात काळजीचा सूर होता. आता तो प्रेमाने म्हटला जातो.

ओवी: लेखात दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत, म्हणून तर अडचण.

वाळवण: मी 'निवणे' या क्रियापदाकडे जाईन. चहा निवतो, ताप निवतो, जीव निवतो. वडील आजारातून उठले तेव्हा पहिल्यांदा मऊ भात आणि वर मेतकूट-तूप खाल्लं आणि वाटी खाली ठेवून म्हणाले, "निवलो." चव चांगली आहे असं ते म्हणाले नाहीत, पोट भरलं असंही नाही. 'निर्वाण' ज्या धातूपासून आलं तोच इथे आहे, विझणं, शांत होणं. तर 'जीव निववणारं खाणं'.

रानवाट: तीन शब्द झाले. एकच हवा असेल तर 'निवान्न'.

तिरफळ: 'निवान्न' म्हणजे गार झालेलं अन्न वाटेल. आणि मराठी क्रियापदाला संस्कृत संधी लावायची म्हणजे तुमच्याच शुद्धतेच्या नियमात बसत नाही.

रानवाट: मी शुद्धतेबद्दल कधी बोललो? मी जिवंत साच्यांबद्दल बोलतोय. दोन्हीत फरक आहे, आणि तो दर वेळी पुसला जातो म्हणून बोलावं लागतं.

माणकाठ: ओवी, तो मक्याचा पाव पॉटलिकरमध्ये बुडवून खातात की मोडून?

तिरफळ: याच्यावर तर तिकडे रान पेटलं होतं. 1931 मध्ये लुइझियाना राज्याचे राज्यपाल ह्यूई लाँग म्हणाले, बुडवूनच खायचा. 'अटलांटा कॉन्स्टिट्यूशन' या वृत्तपत्राने ठणकावलं, मोडून घालायचा. कितीतरी दिवस वाचकांची पत्रं येत होती.

माणकाठ: मोडूनच. येळवणीत भाकरी कुणी बुडवून खात नाही. कुस्करायची.

जुईली: भाकरी चुरतात, कुस्करत नाहीत. कुस्करतात ती पोळी.

पंचगंगा: आम्ही भाकरी दुधात कुस्करतो. चुरा कोरड्याचा होतो. ओलं झालं की कुस्करणं.

जुईली: मग फोडणीच्या पोळीला 'कुस्करा' का म्हणतात? ती तर कोरडीच असते.

पंचगंगा: सगळीकडे कुठे म्हणतात? 'मनोहरा' म्हणणारे आहेत, 'माणिकपैंजण' म्हणणारेही आहेत.

वाळवण: माणिकपैंजण! हा शब्द किती वर्षांनी ऐकला. यावर वेगळी चर्चा काढा कुणीतरी, हे नाव नेमकं कशावरून पडलं ते मला हवंच आहे.