मुरुमांसाठी पोटातून अँटिबायोटिक घेतलेल्यांचे अनुभव हवे आहेत

निशिगंधा_नाशिक

नमस्कार. माझे वय २३ वर्षे आहे. दहावीत सुरू झालेली मुरुमे अजून गेलेली नाहीत. उलट गेल्या वर्षभरात हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला आतून ठणकणाऱ्या, पू धरणाऱ्या गाठी येऊ लागल्या आहेत आणि त्या बसल्या तरी मागे काळे डाग ठेवून जातात. मुलतानी माती, उगाळलेले जायफळ, कडुनिंबाचा पाला असे सगळे करून झाल्यावर शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी, रात्री लावायला अ‍ॅडापलीन जेल आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड असे लिहून दिले आहे. दीड महिन्याने पाहू आणि गरज पडल्यास आणखी दीड महिना वाढवू, असे ते म्हणाले.

आज २२ दिवस झाले, पण फरक पडला असे म्हणवत नाही, आणि जेलमुळे नाकाच्या बाजूची कातडी सोलवटते आहे. आईचे म्हणणे असे की मुरुमांसारख्या गोष्टीसाठी इतके दिवस अँटिबायोटिक घेतले तर पोट बिघडेल आणि अंगातली उष्णता वाढून मुरुमे जास्तच येतील. शेजारच्या काकूंनी एका पांढऱ्या ट्यूबचे नाव सांगितले आहे, जी लावून त्यांच्या भाचीचा चेहरा आठ दिवसांत उजळला म्हणे. डॉक्टरांवर माझा अविश्वास नाही, मात्र बाहेर रांग असल्यामुळे बरेच विचारायचे राहून गेले. ज्यांनी ही गोळी घेतली आहे त्यांना फरक कधी दिसला, त्रास कोणता झाला, आणि मुख्य म्हणजे गोळी थांबवल्यावर मुरुमे परत आली का, हे कृपया सांगावे.

चिपळूणकर_डोंबिवलीत

मी हीच गोळी दोन वेळा घेतली आहे आणि दोन्ही वेळचा अनुभव वेगळा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या खेपेस पाचव्या आठवड्यापर्यंत मलाही काही दिसले नव्हते. सहाव्या-सातव्या आठवड्यात एके दिवशी लक्षात आले की नव्या गाठी येणेच थांबले आहे. जुने डाग तसेच होते, आणि डाग जाणे हे गोळीचे काम नाही हे मला तेव्हा ठाऊक नसल्यामुळे मी उगाच निराश होतो. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि जेल चालू ठेवायला सांगितले. चेहरा स्वच्छ झाला होता, जेल लावायचा कंटाळा होता, शिवाय बेन्झॉइल पेरॉक्साइडमुळे उशीचे अभ्रे आणि दोन चांगले शर्ट पांढरे पडले होते, त्यामुळे मी दोन्ही ट्यूब कपाटात टाकून दिल्या. चार महिन्यांत सगळे होते तिथे आले. दुसऱ्या खेपेस गोळी पुन्हा तीन महिने घेतली, पण जेल मात्र आजतागायत सोडलेले नाही. त्याला दोन वर्षे होऊन गेली. अधूनमधून एखादी पुळी येते, तेवढेच. माझ्यापुरते सांगायचे तर गोळीने आग विझवली, पण ती पुन्हा लागू दिली नाही ती जेलने.

आता त्रासाविषयी. पहिल्या खेपेस एका रात्री झोपेच्या भरात मी गोळी घोटभर पाण्याबरोबर गिळली आणि लगेच आडवा झालो. पहाटे छातीच्या मधोमध अशी कळ आली की हृदयविकाराचा झटका आला असेच वाटले, आणि पुढचे चार दिवस आवंढा गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी येत होते. गोळी अन्ननलिकेत अडकून विरघळली आणि आतून भाजले, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा ती भरपूर पाण्याबरोबर, ताठ बसून घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये. रात्रीपेक्षा सकाळी न्याहारीनंतर घेतलेली बरी.

वऱ्हाडी_सर्वेक्षक

निशिगंधाताई, पोटापेक्षा उन्हाची काळजी अधिक घ्या. माझे काम शेतांच्या बांधावर फिरण्याचे आहे. अकोल्याच्या एप्रिलमध्ये मी ही गोळी घेत होते आणि कुणी सावध न केल्यामुळे तिसऱ्याच दिवशी हातांची पाठ आणि मानेचा मागचा भाग पोळल्यासारखा लाल झाला. आम्हाला उन्हाची सवय नाही असे थोडेच आहे, पण हे प्रकरण वेगळे होते. या गोळीमुळे त्वचा उन्हाला हळवी होते. नंतर पूर्ण बाह्यांचा सदरा, स्कार्फ आणि एसपीएफ ३० चे सनस्क्रीन एवढे नेमाने पाळले आणि उरलेले दोन महिने निभावले.

दुसरी गोष्ट बायका सहसा लिहीत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिते. दुसऱ्या महिन्यात मला खालच्या बाजूला खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव सुरू झाला. अँटिबायोटिकमुळे तिथले उपकारक जिवाणू कमी झाले की बुरशीला वाव मिळतो. लाजून पंधरा दिवस काढले. डॉक्टरांना सांगितल्यावर साध्या औषधाने आठवड्याच्या आत बरे वाटले.

आणि एक विचारते : तुमच्या गाठी हनुवटी आणि जबड्यावर आहेत असे लिहिले आहे, तर पाळी नियमित आहे का? माझ्या बहिणीने अशाच गाठींसाठी अँटिबायोटिकचे तीन कोर्स केले, दर वेळी तात्पुरता आराम पडला, आणि शेवटी मूळ कारण पीसीओएस (अंडाशयांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) निघाले. तिचे उपचार मग निराळ्या दिशेने गेले. पाळी लांबत असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पुढच्या भेटीत हे आवर्जून सांगावे.

औषधवाला_सांगली

मी बी. फार्म. असून १४ वर्षे औषधाचे दुकान चालवतो. मी डॉक्टर नाही. काउंटरच्या आतून जे दिसते तेवढेच लिहितो.

आधी त्या पांढऱ्या ट्यूबविषयी, कारण मला खरी काळजी तिचीच वाटते. आठ दिवसांत चेहरा उजळवणाऱ्या अशा बहुतेक ट्यूबमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोनसारखे स्टिरॉइड असते. सूज आणि लाली झटक्यात उतरते, म्हणून माणूस भुलतो. पुढे कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, स्टिरॉइडचीच म्हणून वेगळी मुरुमे उठतात, आणि ट्यूब सोडावी तर चेहऱ्याची आग होते म्हणून सोडवतही नाही. काकूंना दुखवू नका, पण ट्यूबवर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचा आणि तिला हात लावू नका.

अँटिबायोटिकच्या पाकिटावर डाव्या कडेला लाल उभी रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय घेऊ नये याची खूण आहे. तरीही मुरुमांची दोन वर्षांपूर्वीची, घड्या पडून फाटलेली चिठ्ठी घेऊन ‘मागच्या वेळी याच गोळीने फरक पडला होता’ असे म्हणत येणारे गिऱ्हाईक मला आठवड्याला दोन-तीन तरी भेटते. मी नकार दिला की ते पुढच्या दुकानात जाते. मुरुमांतल्या जिवाणूंवर अँटिबायोटिक काम करतेच, पण डॉक्सिसायक्लिन सूजही उतरवते, आणि गाठी बसण्यात त्या गुणाचा वाटा मोठा आहे. मात्र महिनोन्महिने घेत राहिले की त्वचेवरचे आणि आतड्यांतलेही जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडला जिवाणू असे सरावत नाहीत, म्हणून ते जोडीला देतात. अझिथ्रोमायसिनबद्दल तर मला अधिकच वाईट वाटते : आपल्याकडे टायफॉइडमध्ये ज्या थोड्या गोळ्यांचा भरवसा उरला आहे त्यांत ती आहे, आणि लोक ती पुळ्यांसाठी आपल्या मनाने आठवड्यातून तीन दिवस घेत असतात.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची औषधे या गोळीला पोटातच धरून ठेवतात आणि ती अंगी लागत नाही. मध्ये दोन-तीन तासांचे अंतर हवे. दुसरे म्हणजे, आयसोट्रेटिनॉइन (तीव्र मुरुमांसाठी पोटातून घ्यायचे दुसरे औषध) आणि डॉक्सिसायक्लिन एकत्र चालत नाहीत, कारण दोन्हींमुळे डोक्यातला दाब वाढू शकतो. गेल्या वर्षी एक मुलगा दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या घेऊन आला होता, एकीवर हे आणि दुसरीवर ते. मी दोघांनाही फोन लावला, तेव्हा एक गोळी थांबली. नुसती डॉक्सिसायक्लिन चालू असतानाही डोके असह्य दुखले किंवा दृष्टी अंधूक झाली, तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गर्भवतींना ती देत नाहीत, हेही नोंदवून ठेवतो.

लीड्सची_मावशी

माझ्या मुलाला इथे इंग्लंडमध्ये सतराव्या वर्षी लायमेसायक्लिनची ४०८ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिली होती. ती डॉक्सिसायक्लिनच्याच कुळातली आहे. सोबत अ‍ॅडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचे एकत्रित जेल होते, आणि १२ आठवड्यांनी तपासणीला या, असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. कॅप्सूल तेव्हाच थांबली, जेल पुढे चालू राहिले. कातडी सोलवटण्यावर त्याला मिळालेला उपाय साधा होता : पहिले तीन आठवडे जेल एक दिवसाआड, वाटाण्याएवढेच, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर आणि त्यावर बिनवासाचे मॉइश्चरायझर. पुढे ते रोज सोसू लागले.

८.१७_ची_लोकल

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. कपाळावर आणि पाठभर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या होत्या. मी मित्राची चिठ्ठी वापरून पाच महिने अँटिबायोटिक घेतले आणि पुळ्या वाढतच गेल्या. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले की ही मुरुमे नसून केसांच्या मुळांतली बुरशी आहे, आणि अँटिबायोटिकने तिला मोकळे रान मिळाले. बुरशीच्या औषधाने महिन्याभरात पाठ साफ झाली. निशिगंधा यांच्या गाठी दुखऱ्या आहेत, त्यामुळे त्यांचे तसे नसावे; पण ज्यांच्या पुळ्या एकाच मापाच्या आहेत आणि खाजतात, त्यांनी आधी निदान करून घ्यावे.

निशिगंधा_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. सांगलीचा प्रतिसाद वाचून उठले आणि गोळ्यांचा डबा उघडून पाहिला. आईने गुडघ्यांसाठी आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांपैकी एक ती मलाही रोज न्याहारीनंतर देते, आणि मी २२ दिवस ती डॉक्सिसायक्लिनच्या बरोबरीने एकाच घोटात गिळत आले आहे. डॉक्टरांनी ‘आणखी काही औषध चालू आहे का’ असे विचारले होते आणि मी नाही म्हणाले होते. कॅल्शियमला मी औषधच समजत नव्हते. आज दवाखान्यात फोन केला. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घ्या, दीड महिन्याची तपासणी ठरल्या दिवशीच ठेवा, असे सांगितले आहे. पाळीबद्दलही सांगितले, ती मागच्या वर्षात दोनदा ५० दिवसांवर गेली होती, तेव्हा त्या दिवशी सोनोग्राफीचेही बघू म्हणाले.

वऱ्हाडी_सर्वेक्षक ताई, मी रोज दुपारी स्कूटरने जाते. सनस्क्रीनवर स्कार्फ घट्ट बांधला की घामाने सगळे पुसले जाते आणि हनुवटीवर घासते. तुम्ही कोणत्या कापडाचा वापरत होतात?

वऱ्हाडी_सर्वेक्षक

जुन्या सुती साडीचा तुकडा, दुहेरी केलेला आणि सैल बांधलेला. सिंथेटिक अजिबात नको. रोज धुवावा लागतो, म्हणून मी चार फाडून ठेवले होते.