एकटीनं दोन रात्रींची क्रूझ करायचीय मुंबईहून, तयारी काय काय करू?

इंदिरानगरची_मी

नमस्कार मंडळी. नाशिकहून लिहितेय. मुंबई ते मुंबई दोन रात्रींची क्रूझ बघून ठेवलीय, मध्ये कुठं थांबा नाही, शुक्रवारी समुद्रात जायचं आणि रविवारी परत. एकटी जाणारे. का एकटी हे पहिल्यांदाच सांगते म्हणजे पुढं कुणी विचारत बसणार नाही: आमच्या ह्यांना कसारा घाटात सुद्धा उलटी होते, बोटीचं नाव काढलं तरी ते लिंबू शोधायला लागतात, मुलगी पुण्यात, तिला सुट्टी नाही, आणि मैत्रिणींचं 'जाऊ गं जाऊ' चाललंय ते करोनाच्या आधीपासून. मग म्हटलं आपणच निघावं.

मी अकाउंट्सचं काम करते, क्लायंट्सचे जीएसटी रिटर्न वगैरे. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी, त्यामुळे २० नंतरचाच वीकेंड धरलाय. खरं सांगू का, मला त्या जहाजावरच्या शो आणि स्विमिंग पूलपेक्षा कसली ओढ लागलीय तर फोनला रेंज नसेल त्याची. १९ तारखेला रात्री अकराला 'मॅडम एक बिल राहिलं होतं' असा मेसेज येणारच नाही अशी जागा नाशिकमध्ये तरी मला माहीत नाही, त्र्यंबकच्या पुढं डोंगरात गेलं तरी कुठून तरी एक काडी येतेच.

आता प्रश्न. केबिन बिनखिडकीची घेऊ का बाल्कनीची, भावात बराच फरक दिसतोय. एकटीचं भाडं जवळपास दोघांचंच दाखवतायत, ते असंच असतं का? लागलं तर काय करायचं, म्हणजे बोट लागली तर. आणि सगळ्यात मोठं म्हणजे जेवायला एकटीनं टेबलावर बसायचं. मी कॉलेज रोडला एकटी कॉफी प्यायला सुद्धा कधी बसलेली नाही, तिथं तर सगळे ग्रुप नाहीतर जोड्या असणार. हसू नका.

ठाणेकरीण

अगं हसतंय कोण, मी गेलेय एकटी. आधी भाड्याचं सांगते. हो, असंच असतं. केबिन दोघांची धरूनच भाव लावलेला असतो, एकटं माणूस गेलं तरी ती खोली अडकतेच, म्हणून जवळजवळ दोघांचे पैसे घेतात. कधी कधी आठवड्याच्या मधल्या फेरीला ते कमी करतात, पण तुझ्या तारखा ठरलेल्या असल्यामुळे ते विसर. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात जो आकडा दिसतो तो धरून चालू नकोस, त्यावर पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी म्हणजे स्टाफची टिप, आणि तुझा लाडका जीएसटी येतो, पैसे भरायच्या शेवटच्या पानावरचा आकडाच खरा.

केबिनचं म्हणशील तर दोन रात्रींसाठी मी बिनखिडकीचीच घेतली होती आणि मला चाललं. दिवा घालवला की मिट्ट काळोख, सकाळ झाली का दुपार काही कळत नाही, झोप मात्र अशी लागते की विचारू नकोस. पण तुला जर समुद्राकडे बघत नुसतं बसायचं असेल आणि माणसांत बसायचा संकोच असेल तर बाल्कनी घे, पैसे वसूल होतील. मधला मार्ग म्हणजे खिडकीवाली, ती खिडकी उघडत नाही पण उजेड येतो.

आणि जेवणाचं, पहिल्या रात्री मला पण अवघड गेलं. मी काय केलं, गर्दीच्या वेळी न जाता थोडं उशिरा गेले, काचेकडचं टेबल बघितलं, ताट आणून ठेवलं आणि सरळ खायला लागले. कुणीही बघत नाही गं. सगळ्यांचं लक्ष आपापल्या पोरांनी किती गुलाबजाम घेतले त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला एक गुजराती आजी आपणहून माझ्या टेबलावर येऊन बसल्या, त्यांची सून अजून झोपलेली होती, आणि तासभर सुनेबद्दलच बोलल्या. तेव्हा मला एकटीचं टेबल किती छान होतं ते कळलं.

द्राक्षवाला_पिंपळगाव

ताई एकच नंबर. आमची छाटणी झाली की मी पण जाणार असं दर वर्षी म्हणतो आणि मग फवारण्या सुरू होतात. एक शंका, चिवडा नेऊ देतात का? दोन दिवस नाशिकचा माणूस चिवड्याशिवाय कसा काढणार.

साहेबांना सांगा आता समृद्धीनं जा, इगतपुरीला आठ किलोमीटरचा बोगदा झालाय, कसारा घाट लागतच नाही 😄 २०२५ च्या जूनपासून आमण्यापर्यंत भुर्रकन. पुढं भिवंडी-ठाणे आहेच म्हणा.

ठाणेकरीण

@द्राक्षवाला_पिंपळगाव बाहेरचं खाणं नियमात बसत नाही, दारू तर नाहीच नाही, सामान एक्सरेतून जातं. चिवडा पंचवटी एक्स्प्रेसमध्येच संपवायचा.

डेकवरचा_काका

मी मर्चंट नेव्हीत आयुष्य काढलं, आता गंगापूर रोडला असतो आणि समुद्र नाही म्हणून गोदाकाठी फिरतो. प्रवासी जहाजावर नोकरी केली नाही, माझी सगळी मालवाहू, पण पाणी तेच.

बोट लागण्याबद्दल आधी. जहाज दोन तऱ्हेनं हलतं, डावी-उजवीकडे आणि पुढं-मागं. मोठ्या प्रवासी जहाजांना दोन्ही अंगांना पाण्याखाली पंख असतात, स्टॅबिलायझर म्हणतात, त्यानं डावं-उजवं हलणं बरंच कमी होतं, पुढं-मागं होणारं मात्र राहतं. म्हणून केबिन घेताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथं सगळ्यात कमी जाणवतं. लोक हौसेनं सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची घेतात आणि मग रात्रभर हँडरेल धरून बसतात. मुंबईच्या समुद्राचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर तो खवळलेला असतो, नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू निवतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बहुतेक दिवस शांतच असतो. त्या दिवसांत इतकं मोठं जहाज फार हलायचं नाही.

तरी गोळी घ्यायचीच असेल तर अ‍ॅव्होमीन वगैरे जे काय डॉक्टर देतील ते निघायच्या तास-दोन तास आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन फार उपयोग नसतो. झोप येते त्यानं, आणि बीपीच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. रिकाम्या पोटी राहू नका, हा सगळ्यांचा गैरसमज असतो की खाल्लं नाही की उलटी होत नाही. आलेपाक जवळ ठेवा. मळमळलं तर केबिनमध्ये पडून मोबाईल बघू नका, डेकवर या आणि क्षितिजाकडे बघा.

जाताना कुठल्या बाजूला उभं राहायचं तेही सांगतो, हे कुणी सांगत नाही. जहाज बॅलार्ड पियरकडून सुटून दक्षिणेला वळतं, तेव्हा उजव्या हाताला गेटवे आणि ताज, मग कुलाब्याचं टोक आणि त्याच्या पुढं पाण्यातच उभा असलेला प्राँग्ज दीपस्तंभ, १८७५ चा. तुम्ही संध्याकाळी निघालात तर सूर्यही त्याच बाजूला. त्याच्या पुढं डाव्या हाताला खांदेरी, कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलंय त्या बेटाला, तिथला दीपस्तंभ अंधार पडल्यावर लांबून दिसतो. तेव्हा गेटवे जाईपर्यंत उजवीकडे आणि मग डावीकडे या. सगळं पब्लिक त्यावेळी पूलपाशी डीजेवर नाचत असतं, रेलिंग मोकळं मिळेल.

इंदिरानगरची_मी

काका!!! हे प्रिंट काढून ठेवतेय.

सगळ्यांना सांगते, काल रात्री ह्यांना हे वाचून दाखवलं तर 'पंख असतात' ऐकून म्हणाले मग विमानानंच जा. सासूबाईंचं वेगळंच, त्या म्हणाल्या आमच्या वेळी गोव्याला बोट जायची भाऊच्या धक्क्यावरून, लोक डेकवर चटया टाकून झोपायचे, आणि तुला एसी खोली लागते. पण त्यांनीच नंतर कपाटातून शाल काढून दिली. डेकवर वारं असतं म्हणे.

बाल्कनी घ्यायचं जवळपास ठरलंय, मधल्या भागातली मिळतेय का बघते. उजव्या बाजूची मिळाली तर सोन्याहून पिवळं. आता जायचं कसं? पंचवटीनं गेले तर चालेल का का आदल्या दिवशीच जाऊन राहू? आणि बॅग कशी भरू, जहाजावर काय लागतं जे हॉटेलात लागत नाही?

ठाणेकरीण

पंचवटी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते, अकराच्या आत सीएसएमटी, वेळेत असेल तर आरामात होतं, स्टेशनवरून टॅक्सीनं दहा मिनिटं. पण गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, बोर्डिंग सुटायच्या बरंच आधी बंद करतात, त्यामुळे मी असते तर आदल्या रात्री येऊन राहिले असते. ठाण्याला माझ्याकडे ये म्हटलं असतं पण अनोळखी बाईला फोरमवर पत्ता कसा देऊ 😛 वंदे भारत धरू नकोस, ती दुपारी पोचते. आणि टॅक्सीवाल्याला 'क्रूझ टर्मिनल, बॅलार्ड इस्टेट' असं स्पष्ट सांग, नुसतं 'बोट' म्हटलंस तर भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडेल, तिथून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट सुटते. नेमका गेट बोर्डिंग पासवर बघून ठेव.

बॅग. मोठी बॅग खालीच टॅग लावून घेतात आणि ती केबिनच्या दाराशी येते बऱ्याच वेळानं, कधी संध्याकाळी. त्यामुळे गोळ्या, चार्जर, आधार कार्ड ओरिजिनल, एक कपड्यांचा जोड आणि पूलमध्ये जायचं असेल तर तो नायलॉनचा पोशाख हे सगळं खांद्यावरच्या बॅगेत ठेव. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतात. आता एक गंमत, केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, त्याला लोहचुंबक चिकटतं, तर ते हुकवाले चुंबक मिळतात ना स्टेशनरीच्या दुकानात, चार घेऊन जा. खोली एवढीशी असते, ओला टॉवेल, टोपी, पर्स, जहाजावर देतात ते गळ्यातलं कार्ड, सगळं भिंतीवर टांगता येतं. मला हे कुणीतरी सांगितलं होतं आणि त्या जहाजावर सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट तीच. बाथरूमचा उंबरा उंच असतो, रात्री ठेच लागते, पायाकडे बघून चाल.

साडी नेणार असशील तर भरपूर पिना. संध्याकाळी सगळे नटतात, पण डेकवर पदर सांभाळण्यात फोटो राहून जातात.

पाथर्डी_फाटा

रेंजचं म्हणताय तर एक लक्षात ठेवा, किनारा लांब गेला की आपलं नेटवर्क जातं पण काही जहाजांवर समुद्रातलं वेगळं नेटवर्क असतं, फोन आपोआप ते पकडतो आणि बिल जबरदस्त येतं. माझ्या भावाला आलेलं. एरोप्लेन मोड टाका सुटल्यावर लगेच. वायफायचं पॅकेज विकतात, ते घेऊ नका म्हणजे झालं, तुम्हाला तर नकोच आहे. आतमध्ये रोख चालत नाही, जहाजाच्या त्या कार्डावर लिहून ठेवतात आणि शेवटी हिशेब, त्यात सॉफ्ट ड्रिंक वगैरे वेगळं लागतं. तुम्ही अकाउंट्सवाल्या, तुम्हाला काय सांगायचं.

डेकवरचा_काका

एक महत्त्वाचं राहिलं. सुटायच्या आधी किंवा सुटल्यावर लगेच मस्टर ड्रिल होतं, म्हणजे जहाज सोडायची वेळ आली तर कुठं जमायचं ते दाखवतात. लोक ह्याला कंटाळतात, सेल्फी काढतात. तुम्ही एकट्या आहात, तुम्हाला आठवण करून द्यायला बरोबर कुणी नाही, तेव्हा नीट बघा. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा आणीबाणीचा इशारा जगातल्या सगळ्या जहाजांवर सारखा. टायटॅनिकनंतर १९१४ मध्ये देशांनी एकत्र बसून सोलास नावाचे नियम केले, ड्रिलची सक्ती तिथून आली. ड्रिल झालं की केबिनपासून त्या जागेपर्यंत एकदा जिन्यानं चालत जा, लिफ्टनं नाही.

घाबरवत नाहीये. मी इतकी वर्षं तो इशारा फक्त ड्रिललाच ऐकला.

इंदिरानगरची_मी

नाही काका, उलट बरं वाटलं, मला नियम माहीत असले की भीती वाटत नाही, धंदाच तो आहे आमचा.

तर बुकिंग झालंय. बाल्कनी, मधला भाग, पण उजवी बाजू मिळाली नाही, डावी आहे, म्हणजे गेटवे डेकवरून आणि खांदेरी खोलीत बसून. चुंबक मेन रोडवरून आणले, दुकानदार म्हणाला फ्रिजला का, मी म्हटलं जहाजाला, तो बघतच राहिला. आदल्या रात्री दादरला मावसबहिणीकडे. क्लायंट्सना ग्रुपवर टाकून ठेवलंय की शुक्रवार दुपार ते रविवार दुपार फोन लागणार नाही, त्यावर एकानं लगेच विचारलं 'व्हॉट्सअप तर चालेल ना मॅडम'.

काका एक शेवटचं, ते मस्टरला जमायची जागा कुठं लिहिलेली असते, का तिथंच सांगतात?

डेकवरचा_काका

केबिनच्या दारामागं नकाशासकट लावलेलं असतं, बहुतेक ठिकाणी कार्डावरही छापतात. खोलीत गेल्या गेल्या बघा, बॅग उघडायच्या आधी.

द्राक्षवाला_पिंपळगाव

आणि ताई आल्यावर इथं लिहा जेवण कसं होतं ते. चिवड्याचं पण बघा, पर्सच्या कप्प्यात एक पुडी जाते का.