मदत हवी आहे: खाऱ्या रासायनिक सांडपाण्यात सीओडीचे ऑनलाइन मापन

आमच्या डाय इंटरमीडिएट (रंग बनवण्यासाठी लागणारी मधली रसायने) कारखान्याच्या ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) बसवलेला सीओडी (पाण्यातील प्रदूषणाचे रासायनिक ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन) मापक २५४ नॅनोमीटरच्या अतिनील शोषणावरून अंदाज बांधतो. परंतु मिथेनॉल व ॲसेटिक ॲसिड तेथे जवळजवळ शोषणच दाखवत नाहीत, त्यामुळे त्यांचे प्रमाण वाढले की डायक्रोमेट पद्धतीच्या (सीओडीच्या प्रयोगशाळा चाचणीच्या) आकड्याशी मोठी तफावत पडते. त्या चाचणीत नुसत्या डायजेशनलाच (नमुना रसायनांसह तापवण्यालाच) दोन तास लागतात आणि तोवर पाणी सीईटीपीकडे (सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे) निघून गेलेले असते, याची मला खरी चिंता वाटते. टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) विश्लेषकाचा विचार आहे, मात्र क्लोराइड भरपूर असल्याने ज्वलन नळीत मीठ साचून उत्प्रेरक निकामी होण्याची भीती आहे. ज्वलनाऐवजी रसायनाने ऑक्सिडीकरण करणाऱ्या परसल्फेट पद्धतीतही क्लोराइडमुळे ऑक्सिडीकरण मंदावते. अशा पाण्यावर कोणी टीओसी विश्लेषक सलग चालवला आहे का? नमुना किती पट विरळ करता आणि टीओसीवरून सीओडी काढण्याचे गुणोत्तर उत्पादन बदलल्यावर पुन्हा कसे ठरवता, हे कृपया सविस्तर सांगावे.