घोड्यावरून रानात जाऊन नेमकं काय पाहायचं असतं?

रानवाट:
मागच्या रविवारी नागपूरजवळच्या हिंगण्याच्या पलीकडे दोन तासांच्या घोडेस्वारीला गेलो होतो. आम्ही सात जण. पळस ऐन भरात, मोहाखाली फुलांचा सडा. ओढ्यापाशी माझी घोडी अचानक थांबली. मान ताठ, दोन्ही कान पुढे रोखलेले. टाच मारली तरी हलेना. मग पळसाआड काहीतरी हललं. रोही, म्हणजे नीलगाय! वीसेक पावलांवर उभा, आमच्याकडेच बघत. मी पायी असतो तर तो केव्हाच उधळला असता.

तेवढ्यात मागून ओरडा, "थांबले काय? व्ह्यू पॉइंट कुठंय?" रोही गेला. परतल्यावर "काहीच दिसलं नाही" म्हणून तिघांनी पैसे परत मागितले. मला मनापासून वाईट वाटलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, जवळजवळ चहूकडचं त्याला दिसतं. कान तर एकेक वेगळा वळतो. रान वाचणारं जनावर खाली असताना आपण पेंचच्या जिप्सीतली वाघ शोधायची सवय तिथंही नेतो. चूक पर्यटकांची आहे, असं माझं ठाम मत.

सीताबर्डीकर:
पर्यटकाले काहून दोष देता भाऊ? जाहिरातीत हरणांचे कळप दाखवले, तर माणूस कळपच शोधीन ना! माझ्या आईचे गुडघे गेले आहेत. अंबाझरीच्या काठानं रोज फिरायची, ते सुटलं. तिले घोड्यावरून एकदा उंचावरून तलाव पाहायचा आहे. तिनं कान कशाले पाहायचे?

कोरडवाहू:
दोघंही घोड्यावरच्या माणसाचंच बोलून राहिले. खाली काय होते? माथेरानच्या लाल वाटा पावसाळ्यात टापांखाली कशा उखडतात ते पाहा. लिदेतून न पचलेल्या बिया पडतात, तण वाटेवाटेनं आत शिरते. सात घोडे रोज त्याच ओढ्यातून गेले, तर तुमचा रोही तिथं पाण्याले येईन का?

रानवाट:
ओढ्याचा काठ ढासळलेला होता, हे खरं. मी ते लिहायला हवं होतं. इतके घोडे एका रांगेत नकोत, वाटही आलटूनपालटून हवी, हे मान्य. सीताबर्डीकर, आईंना जरूर न्या. शांत घोडी मागा, चढायला ओटा आहे का ते आधी विचारा. पण "काहीच दिसलं नाही" हे मला अजून पटत नाही. रोही होता.

सीताबर्डीकर:
ओट्याचं लक्षात नव्हतं आलं. उद्याच फोन करून विचारतो.