चिनी काढा आणि घट्ट झालेली फुफ्फुसं

कट्ट्यावरचा_रवी
परवा इथे एकाने ठोकून दिलं, "फुफ्फुसात फायब्रोसिस (व्रण पडून ती घट्ट होणं) झाला की ॲलोपॅथी हात वर करते, चिनी काढा मात्र फुफ्फुसाचे व्रण विरघळवतो." डोकंच उठलं. आमच्या अप्पांना आयपीएफ होता, म्हणजे कारण न कळणारा फुफ्फुसाचा फायब्रोसिस. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावून ऐकवलं होतं : दप्तराचा वेल्क्रोचा पट्टा उचकटावा तसं चर्रर्र. पिरफेनिडोन, निंटेडानिब या गोळ्यांनी आजाराचा वेग मंदावतो, बस्स. गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टर स्वतःच सांगतात. आणि काढा? श्याओ चायहू तांग हा चिनी काढा जपानात यकृताच्या रुग्णांना सर्रास देत. १९९६ मध्ये तिथल्या सरकारला तातडीचा इशारा काढावा लागला : ८८ जणांना इंटरस्टिशियल न्यूमोनिया (फुफ्फुसाच्या आतल्या जाळीची सूज, यातूनही व्रण पडतात), त्यातले १० दगावले. म्हणजे ज्यावर औषध म्हणून विकताय, तेच दुखणं!

सिंगापूरची_सूनबाई
रवीदादा, माझ्या सासऱ्यांना इथल्या चिनी वैद्यांनी हुआंगछी नावाचं मूळ दिलं होतं, आइस्क्रीमच्या काड्यांसारखे पिवळट काप. दोन वेळा उकळून दोन्ही पाणी एकत्र करायचं, घरभर तो वास. आठव्या दिवशी रात्रीचा खोकला थांबला. तुमचे आकडे त्यांना नका सांगू.
आणि चिनी संशोधक थू योयो बाईंना २०१५ चं नोबेल जुन्या चिनी ग्रंथातला धागा पकडूनच मिळालं ना?

कट्ट्यावरचा_रवी
ते मलेरियाचं. आणि त्यांनी काढा नाही उकळला, वनस्पतीतून रसायन वेगळं काढलं, मग माणसांवर तपासलं. बाकीच्यांनी तेवढंच करावं, मी पहिला रांगेत.

दादरकर_जुना
काढे राहू द्या, कबुतरांचं बोला! आमच्या एसीच्या मागे तीन वर्षं घरटं होतं. बायकोला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे ॲलर्जीने फुफ्फुसाला येणारी सूज. पिसं आणि विष्ठा. आता फुफ्फुसं घट्ट.

जीवदया_९
झालं सुरू. गाड्यांचा धूर दिसत नाही, मुका जीव दिसतो.

दादरकर_जुना
धूरही दिसतो हो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, २०२५ ला, दादरचा कबुतरखाना बंद करायला घातलेली ताडपत्री फाडणारेही दिसले. पुण्य तुमचं, ऑक्सिजनचं मशीन आमच्या हॉलमध्ये. रात्रभर घरघरतं. या एकदा झोपायला.

जीवदया_९
काकूंचं वाईट वाटतं, खरंच. पण पक्षी उपाशी मारणं हा उपाय नव्हे.

दादरकर_जुना
मग दाणे तुमच्या गॅलरीत टाका!

कट्ट्यावरचा_रवी
काका, वेगळा धागा काढा ना. पण एक खरं, कारण कळलं तर ते थांबवता येतं. आयपीएफमध्ये तेही कळत नाही, म्हणूनच लोक काढ्यामागे धावतात.

सूक्ष्मदर्शी
रवी, आपल्या ॲलोपॅथीच्या बाजूचंही सांगा की. स्टिरॉइड, अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आणि एनएसी (ॲसिटिलसिस्टीन) हे त्रिकूट आयपीएफला वर्षानुवर्षं दिलं जात होतं. चाचणी केली तर नकली गोळीपेक्षा मृत्यू जास्त, मध्येच थांबवावी लागली. निकाल २०१२ चा. आणि चीनमध्ये सिलिकोसिसला (दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा फायब्रोसिस) टेट्रांड्रिन हे औषध देतात, ते फांगची नावाच्या मुळातलंच.

कट्ट्यावरचा_रवी
त्रिकुटाचं मान्य. अप्पांनाही तेच चालू होतं. यापुढे विषय नको.
पण फांगचीचं पुढचं सांगा. बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत तेच मूळ घालायचं होतं, गेलं त्याच नावाचं दुसरं, ॲरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतीचं. शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं गेली. पुडीत काय आहे, कोण बघतं?

सिंगापूरची_सूनबाई
आम्ही बघतो. चिठ्ठी फ्रिजवर आहे.

सूक्ष्मदर्शी
ताई, हुआंगछी की हुआंगछिन? नावं जुळी, झाडं वेगळी. जपानच्या त्या काढ्यात हुआंगछिन होतं, संशय त्याच्यावरच होता.

सिंगापूरची_सूनबाई
शेजारच्या आजींकडून वाचून घेतली. दोन्ही आहेत. सोमवारी छातीच्या डॉक्टरांना दाखवते, झालं समाधान? पण आठव्या दिवशी खोकला थांबला होता. कॅलेंडरवर खूण आहे.