हवामान परिषदेत सगळेच नेते ‘तातडी’ आणि ‘न्याय’ म्हणतात, मग मुलांना फरक कसा दाखवायचा?

बार्शीच्या_मॅडम

मंडळी, जरा मदत हवी आहे. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात दरवर्षी अभिरूप संसद भरते. यंदा त्याऐवजी अकरावीच्या मुलांची जागतिक हवामान परिषद घेतोय. बार्बाडोस, अमेरिका, दक्षिण आफ्रिका, भारत असे देश चिठ्ठ्या टाकून वाटले. भाषणांचे पहिले मसुदे आले आणि मी कपाळाला हात लावला. वरचं देशाचं नाव झाकलं तर कुठलं भाषण कुणाचं, पत्ता लागत नाही. सगळ्यांनाच पृथ्वी वाचवायचीय, आत्ताच्या आत्ता वाचवायचीय आणि कुणावरही अन्याय होऊ द्यायचा नाहीये. मूळ भाषणं वाचा म्हटलं तर म्हणतात, "मॅडम, तिथेही हेच आहे." आणि बरंचसं आहेच हो! भारताची चिठ्ठी ज्याला आली त्याने विचारलं, "आपण नक्की कुणाच्या बाजूचे, गरिबांच्या की मोठ्यांच्या?" काय सांगू त्याला?

पाणकोंबडा

मिया मॉटलींपासून सुरुवात करा. बार्बाडोसच्या पंतप्रधान, ग्लासगो परिषद, नोव्हेंबर 2021. तापमान दोन अंशांनी वाढणं हा आमच्यासाठी मृत्युदंड आहे, असं जगाच्या तोंडावर बोलल्या. त्याच परिषदेसाठी तुवालू या बेटराष्ट्राचे मंत्री सायमन कोफे यांनी कोट-टाय घालून, गुडघाभर समुद्रात उभं राहून भाषण केलं होतं. चित्रफीत दाखवा, वर्ग गप्प होतो.

कर्जविभाग_सांगली

मॉटलींचं भाषण घ्याच, पण मृत्युदंडापाशी थांबू नका. टाळ्या त्याला पडतात, मजकूर दुसरीकडे आहे. त्याच भाषणात त्या म्हणाल्या की बड्या देशांच्या मध्यवर्ती बँकांनी 13 वर्षांत 25 लाख कोटी डॉलर छापून बाजारात ओतले, त्यातले 9 लाख कोटी तर करोनाच्या दीड वर्षात. मग नाणेनिधीकडून दरवर्षी 500 अब्ज डॉलरचे विशेष हक्क (म्हणजे नाणेनिधीने सभासद देशांच्या खात्यावर टाकलेली राखीव गंगाजळी), तेही 20 वर्षं, एवढं काढायला काय हरकत आहे? रक्कम सांगितली, मुदत सांगितली, कुठून काढायचे तेही सांगितलं.

मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. खोड काही गेलेली नाही. पुढाऱ्याचं भाषण हातात आलं की आधी विशेषणं खोडतो. उरलेल्यात आकडा, तारीख, आणि पैसे कर्जाऊ की फुकट, एवढंच शोधतो. पुष्कळदा काहीच उरत नाही. तुमच्या मुलांच्या मसुद्यांवर हा प्रयोग करून बघा.

उदाहरणार्थ, 2009 ला कोपनहेगनमध्ये श्रीमंत देश म्हणाले, 2020 पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करू. ही झाली मंजुरी. वाटप? ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्याच हिशेबाने तो आकडा पहिल्यांदा 2022 ला गाठला गेला, 115.9 अब्ज. उशीर एक वेळ सोडून देऊ. पण त्यातल्या सरकारी पैशाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग कर्ज होता! शिवाय जुन्याच विकासमदतीवर हवामानाचा शिक्का मारून ती मोजली जाते, ही गरीब देशांची कायमची तक्रार. मार्चअखेर पीककर्जाचं नवं-जुनं (जुनं फेडल्याचं दाखवून तेच नवं म्हणून देणं) होताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

मग बाकूची परिषद, 2024. मागणी वर्षाला 1.3 लाख कोटी डॉलरची, ठरले वर्षाला 300 अब्ज, तेही 2035 पर्यंत, आणि त्यात सरकारी, खासगी, सगळंच धरायचं. अध्यक्षांनी हातोडा मारला आणि त्यानंतर भारताच्या चांदनी रैना बोलायला उठल्या. हा कागद म्हणजे दृष्टिभ्रम आहे, आम्हाला मान्य नाही, असं सरळ सांगितलं. त्या अर्थ मंत्रालयातल्या, हे ध्यानात घ्या. भारताच्या मुलाला ग्लासगोत मोदींनी दिलेल्या पाच वचनांच्या ‘पंचामृता’बरोबर हेही वाचायला द्या.

आता न्याय म्हणजे काय, ते माझ्यापुरतं सांगतो. ऑगस्ट 2019, कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलेली. पाणी ओसरल्यावर शाखा उघडली तर आत चिखल, काउंटरवर वाळत घातलेली खातेपुस्तकं. पहिला जो शेतकरी आला, हळद आणि ऊस दोन्ही गेलेला, त्याने नुकसानभरपाईचं विचारलंच नाही. म्हणाला, "साहेब, हप्त्याचं कसं?" मला तेव्हा उत्तर देता येत नव्हतं. वरून परिपत्रक येईल, मग पुनर्गठन होईल, तोवर नोटिसा निघतच राहतात.

देशांचंही तेच होतं. वादळ येतं, शाळा-दवाखाने जातात आणि रोख्यांच्या व्याजाची तारीख काही हलत नाही. मॉटलींच्या ब्रिजटाउन प्रस्तावात (जागतिक कर्जव्यवस्था बदलायचा त्यांचा आराखडा) म्हणूनच एक कलम आहे की आपत्ती आली तर हप्ते आपोआप थांबावेत, आणि ते करारातच आधी लिहिलेलं असावं. नुसती कल्पना नाही ही. 1 जुलै 2024 ला बेरिल वादळाने ग्रेनाडाचं कॅरिआकू बेट झोपवलं आणि त्या देशाने रोख्यातलं वादळ-कलम वापरून देणी पुढे ढकलली. कुणाच्या दारात जाऊन हात जोडावे लागले नाहीत. बार्बाडोसच्या गटाने हे मांडलं तर त्यांचं भाषण दुसऱ्या कुणाचं वाटणारच नाही.

दुपारची_लोकल

काका, पटलं, पण सगळं पैशावर नेलंत की भारत अलगद सुटतो. ग्लासगोच्या शेवटच्या तासात कोळसा ‘बंद करत नेऊ’ऐवजी ‘कमी करत नेऊ’ ही दुरुस्ती कुणी वाचून दाखवली? आपल्या पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादवांनी. फिजी आणि मार्शल बेटांनी जाहीर नाराजी नोंदवली, अध्यक्ष आलोक शर्मांचा गळा दाटून आला. ज्या बेटांच्या नावाने आपण न्याय मागतो तीच दुखावली.

आपली बाजूही आहे, नाही असं नाही. माणशी कार्बन डायऑक्साइड आपला वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेचा चौदाच्या. आणि नाव फक्त कोळशाचं, तेल आणि वायूबद्दल चकार शब्द नाही! पुढच्या वर्षी शर्म-अल-शेखला भारताने सगळीच जीवाश्म इंधनं मजकुरात घाला म्हटलं, ते झालं नाही. पण माणशी दोन टन ही सरासरी आहे. दक्षिण मुंबईतल्या टॉवरवाल्याचे आणि मेळघाटातल्या माणसाचे सारखेच कसे होतील? मॅडम, त्या मुलाला सांगा, दोन्ही बाजूंचे. बाहेर गरिबांचे, आत मोठ्यांचे.

ऊर्जानगरचा

चंद्रपूर औष्णिकमधून निवृत्त. दक्षिण आफ्रिकेच्या गटासाठी लिहितो, तिकडे कुणी वळलंच नाही. ग्लासगोतच त्यांना कोळसा सोडण्यासाठी 8.5 अब्ज डॉलर जाहीर झाले. सांगलीकरांच्या भाषेत वाटप बघा: निव्वळ अनुदान जेमतेम 4 टक्के. ऑक्टोबर 2022 ला तिथल्या कोमाटी कोळसा-वीजकेंद्राचा शेवटचा संच बंद केला. सौर, पवन, प्रशिक्षण केंद्र, कागदावर सगळं होतं. कायम नोकरांना दुसऱ्या केंद्रांत हलवता आलं. मार खाल्ला तो कंत्राटी माणसांनी आणि गेटबाहेरच्या धंद्यांनी.

आमच्याकडे 2920 मेगावॅट आहे. उद्या ते बंद करायचं ठरलं तर माझ्या पेन्शनला धक्का लागत नाही. पण राखेचे टिपर चालवणारा, कन्व्हेयरखाली सांडलेला कोळसा फावड्याने ओढणारा, दुर्गापूरच्या नाक्यावर पहाटे चारला पोहे लावणारा, ह्यांची नावं कुठल्याच हजेरीपटावर नाहीत. राख त्यांनीच खाल्ली, खोकला त्यांनाच आहे. त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि त्यांचं नाव पुढे करून वर्षानुवर्षं चालूही ठेवू नका. त्यांचे राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांचं भाषण करणाऱ्या पोरीला किंवा पोराला हे दोन्ही बोलू द्या.

बार्शीच्या_मॅडम

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. विशेषणं खोडायचा प्रयोग आज केला, एका भाषणात ‘माननीय अध्यक्ष महोदय’ एवढंच शिल्लक राहिलं. ☺ आता अडचण अमेरिकेची. त्या गटातल्या मुली विचारतायत, आम्ही परिषदेत बसायचं की उठून जायचं?

कर्जविभाग_सांगली

एकाच खुर्चीवरून दोघींना बोलायला लावा. पहिली ग्लासगोतले बायडेन; आधीच्या सरकारने पॅरिस करार सोडला याबद्दल त्यांनी तिथे माफी मागितली होती. दुसरी सप्टेंबर 2025 चे ट्रम्प, राष्ट्रसंघात हवामान बदलाला जगातली सर्वांत मोठी फसवणूक म्हणणारे. मधे नुसती नावाची पाटी बदला. आणि पहिलीला फार मोठं होऊ देऊ नका. नुकसानभरपाईचा निधी दुबईत 2023 ला उघडला, तेव्हा बायडेन सरकारने कबूल केलेले पैसे होते 1 कोटी 75 लाख डॉलर. एवढ्यात आमच्याकडचा एखादा साखर कारखानाही धड उभा राहत नाही.