मदत हवी आहे: सॉफ्टबॉलच्या निवासी शिबिराला मुलीला पाठवावे का?

माझी मुलगी नववीत असून नाशिकमध्ये शाळेच्या संघातून पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारी खेळाडू) म्हणून खेळते आणि विभागीय स्पर्धेपर्यंत पोहोचली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यात होणाऱ्या, निवडक खेळाडूंसाठीच्या एका निवासी शिबिराचे तिला बोलावणे आले आहे. मात्र त्याचे शुल्क आमच्यासाठी बरेच जड आहे.

तिची विंडमिल फेक (हात पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू टाकणे) वेगवान आहे, पण 43 फुटांवरून चेंज-अप (फलंदाजाला चकवण्यासाठीचा मुद्दाम संथ चेंडू) टाकताना हाताचा वेग कमी होत असल्याने फलंदाजाला तो आधीच ओळखता येतो. येथील प्रशिक्षक मनापासून शिकवतात, तरी संपूर्ण संघ त्यांच्याकडे असल्याने केवळ पिचिंगसाठी त्यांना पुरेसा वेळ देता येत नाही, आणि ही उणीव मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आयोजकांना मी एका प्रशिक्षकामागे किती मुली असतील असे विचारले असता त्यांनी केवळ माहितीपत्रक पाठवले. निवास आणि सुरक्षिततेची खात्री आम्ही करून घेतली आहे, खांद्याची दुखापत नाही आणि जाण्याची तिची स्वतःची इच्छा आहे. पुढील वर्षी दहावी असल्याने ही सुट्टी वाया जाऊ नये, एवढीच काळजी आहे.

ज्यांची मुले अशा शिबिरांना जाऊन आली आहेत त्यांनी कृपया सांगावे: तेथे पिचरकडे खरोखर स्वतंत्र लक्ष दिले जाते का, की त्याच पैशांत नाशिकमध्येच आठवड्यातून दोनदा वैयक्तिक पिचिंग प्रशिक्षण लावणे अधिक उपयोगी ठरेल?